लेखी काही आहे का, भाऊ?

परवा रात्री आपल्या गावच्या ग्रुपवर एका भाऊंनी व्हिडिओ टाकला. भाऊ म्हणजे कोण ते इथे लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलंय. व्हिडिओत चिनी नट-नट्यांचे फोटो एकामागून एक सरकतात, मागे ढणाढणा संगीत आणि हिंदीत निवेदन. चीनने आपल्या कलाकारांना कसं वठणीवर आणलं, कुणाला किती दंड ठोकला, कुणाचं नाव रातोरात कसं पुसून टाकलं. खाली भाऊंची स्वतःची ओळ : "असा बंदोबस्त आपल्याकडे पाहिजे." सकाळपर्यंत पन्नासच्या वर अंगठे. त्यातले दोन अंगठे दर गणपतीत नाटक बसवणाऱ्यांचे होते. त्याचं जास्त वाईट वाटलं.

ग्रुपवर वाद घालायचं मी सोडून दिलंय, तिथे शेवट नेहमी "सुप्रभात"च्या फुलांनी होतो. म्हणून इथे लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आणि हा व्हिडिओ कधी आला? आपल्याच कॉलेजच्या पोरांची एकांकिका स्पर्धेतून गायब झाली, त्याला पंधरा दिवसही झाले नव्हते. पाण्याच्या टँकरवरची एकांकिका. दोन महिने तालीम, दोन पोरी रोज तालमीसाठी शेवटची एसटी चुकवून मावशीकडे राहायच्या. आदल्या रात्री आयोजकांना एक फोन आला आणि सकाळी यादीत नाव नाही. मी आयोजकांना विचारलं, आदेश कुणाचा? ते म्हणाले, "लेखी काही नाही हो. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही पत्रकार माणूस." हे मी नंतर पुन्हा काढणार आहे. आधी चीनला जाऊन येऊ, कारण भाऊंनीच आपल्याला तिकडे नेलंय.

व्हिडिओत सांगितलं नाही ते असं, की हे नट आकाशातून पडत नाहीत. बेजिंगच्या जुन्या भागात एक अरुंद गल्ली आहे. तिच्या नावाचा अर्थ होतो पूर्वेकडची कापूस गल्ली. सोलापूरकडच्या माणसाला हे नाव लगेच आवडावं. या गल्लीत १९५० साली चीनची केंद्रीय नाट्य अकादमी उभी राहिली. आता तिचा मोठा पसारा शहराबाहेर छांगपिंगला गेलाय, पण जुनी जागा तीच. साल लक्षात घ्या. ऑक्टोबर १९४९ मध्ये नवं राज्य आलं. देश युद्धांनी पिंजलेला, खायची भ्रांत, त्याच वर्षी कोरियाचं युद्ध दाराशी. आणि त्या काळात सरकारी पैशाने नाट्यशाळा निघते! पहिले प्रमुख औयांग यूछ्येन. हा माणूस स्वतः नट आणि नाटककार, पारंपरिक ऑपेरात स्त्रीभूमिका करायचा आणि त्याचं नाव थेट मेई लानफांगच्या जोडीने घेतलं जायचं. आपल्याकडे सरकारने बालगंधर्वांना बोलावून घ्यावं आणि म्हणावं, "या, हे विद्यालय सांभाळा", तसला प्रकार.

पन्नासच्या दशकात तिथे रशियन शिक्षक आले, स्तानिस्लावस्कीची पद्धत घेऊन. पुढे त्यात चिनी माती मिसळली. शिकवणीचे चार खांब तिथे चार अक्षरांत सांगतात : गळा, संवाद, शरीर, अभिनय. पहाटे उठून मोकळ्यावर आवाज लावायचा. जनावरांची नक्कल करायची. गंमत म्हणून नव्हे, मान कशी वळते, वजन कुठल्या पायावर जातं ते बघून. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे 'जीवन निरीक्षण'. पोरांना बाजारात, स्टेशनवर, रस्त्यावर सोडतात. तिथे माणूस निरखायचा, परत येऊन वर्गात तो माणूस उभा करायचा. भाजीवाली चिल्लर कशी मोजते, हमाल ओझं उतरवल्यावर पहिल्यांदा काय करतो. खरं सांगू का, हे आम्हाला पत्रकारितेच्या पदविकेत शिकवायला हवं होतं. आम्हाला बातमीचे पाच ककार शिकवले आणि माणूस बघायला कुणीच सांगितलं नाही.

चीनमध्ये अशा तीन संस्थांची नावं एका दमात घेतात : ही अकादमी, बेजिंग फिल्म अकादमी आणि शांघायची नाट्य अकादमी. प्रवेशाला हजारोंची रांग आणि अभिनयाच्या वर्गात जागा मोजक्या. गाँग ली ही चिनी सिनेमाची सर्वांत मोठी नटी, तिलाही पहिल्या फटक्यात प्रवेश मिळाला नाही. शांतुंग प्रांतातल्या जीनान शहरात वाढलेली मुलगी, नापास होऊन पुन्हा आली आणि १९८५ साली आत गेली. शिकत असतानाच झांग यिमोउने तिला 'रेड सोरघम'साठी निवडलं. सोरघम म्हणजे आपली ज्वारी. मो यानची गोष्ट, ज्याला पुढे २०१२ साली नोबेल मिळालं. मो यानला ती पोरगी आपल्या नायिकेसारखी अजिबात वाटली नव्हती. त्याच्या डोक्यात खेड्यातली दणकट बाई होती आणि समोर उभी कॉलेजची विद्यार्थिनी. मग तिला कावडीने पाणी वाहायला लावलं, पुन्हा पुन्हा, खांद्याला सवय होईपर्यंत. ते बघून लेखकाचं मत फिरलं. १९८८ साली त्या सिनेमाने बर्लिनचं सुवर्ण अस्वल जिंकलं. ज्वारीच्या शेतातला सिनेमा. आपल्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात बसून हे वाचताना काही वाटतं की नाही?

पण मला खरं बोलायचंय ते १९९२ च्या 'द स्टोरी ऑफ च्यू जू'बद्दल. पदविका करताना पुण्यात एका मित्राच्या खोलीवर, खरखरणाऱ्या सीडीवर पाहिला होता. भाऊ, हा सिनेमा तुम्ही बघाच.

च्यू जू ही खेड्यातली गर्भार बाई. मिरच्या पिकवणारं घर. गावच्या प्रमुखाशी तिच्या नवऱ्याची बाचाबाची होते, नवरा त्याला टोमणा मारतो की तुझ्या घरी नुसत्या पोरीच, आणि प्रमुख त्याला नको तिथे लाथ घालतो. बास. एवढीच गोष्ट. औषधपाण्याचा खर्च मिळू शकतो, पण च्यू जूला पैसे नकोत. प्रमुखाने चूक कबूल करावी, दोन शब्द बोलावेत, इतकंच तिचं मागणं. प्रमुख नोटा जमिनीवर फेकतो. का? ती उचलायला वाकेल, म्हणजे तिने आपल्यापुढे मान झुकवली असं होईल. ती वाकत नाही. पोट पुढे आलेलं, अंगावर जाड कोट, डोक्याला रुमाल, बरोबर नणंद, ढकलगाडीत भाड्यापुरत्या मिरच्या. ती तालुक्याला जाते, जिल्ह्याला जाते, शहरात जाते, शेवटी कोर्टात जाते. मी वीस वर्षं तहसीलच्या पायऱ्यांवर ज्या बायका बघतोय, फायलीची पिशवी छातीशी धरून बसलेल्या, त्यातली प्रत्येक बाई मला त्या पडद्यावर दिसली.

बऱ्याच दृश्यांत कॅमेरा लपवलेला होता. आजूबाजूची माणसं खरी, बाजार खरा, आणि त्या गर्दीत ही जगप्रसिद्ध नटी शेन्शीची बोली बोलत, फेंगाडी चालत हिंडतेय. ती नटी आहे हे समोरच्याला कळू नये, अशी. 'जीवन निरीक्षण' म्हणतात ते हे. व्हेनिसला त्या वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान तिला मिळाला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या सिनेमातले सगळे सरकारी अधिकारी फार सज्जन आहेत. च्यू जूला खुर्ची देतात, आपुलकीने बोलतात, एक साहेब तर गाडीतून सोडतो. हे बघताना मी हसलो होतो, कारण मी ज्या कचेऱ्या पाहिल्यात तिथे पंखा फक्त साहेबाच्या डोक्यावर असतो. आणि हा सज्जनपणा तिथल्या सरकारला भलताच रुचला. त्याआधीचे झांग-गाँग जोडीचे दोन सिनेमे, १९९० चा 'जू दोउ' आणि १९९१ चा 'रेझ द रेड लँटर्न', त्यांच्याच देशात दाखवायला बंदी होती. 'जू दोउ'ला ऑस्करचं नामांकन मिळालं तर चीन सरकारने ते मागे घ्यायची खटपट केली! 'च्यू जू' आला तेव्हा कुठे त्या दोन सिनेमांवरची बंदी उठली. आणि दोन वर्षांनी 'टू लिव्ह' आला, त्यातही गाँग ली, त्याचा नायक ग यौ कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला, आणि तो सिनेमा पुन्हा बंद.

म्हणजे बघा. ज्या सरकारने तिला चार वर्षं शिकवलं, त्याच सरकारने तिचं सर्वोत्तम काम आपल्या लोकांपासून लपवलं. शेतकऱ्याने पोटाला चिमटा काढून बैल वाढवावा आणि पेरणीच्या दिवशी त्याला खुंट्याला बांधून ठेवावं. भाऊ ज्याला बंदोबस्त म्हणतात तो हा.

दुसरा घ्या. ज्यांग वन. १९८४ साली त्याच अकादमीतून बाहेर पडला. रूढ अर्थाने देखणा नाही, कान मोठे, आवाज घोगरा. 'हिबिस्कस टाउन'मध्ये तो सांस्कृतिक क्रांतीच्या काळात 'उजवा' ठरवून रस्ता झाडायला लावलेल्या माणसाचं काम करतो. अपमान म्हणून हातात दिलेला झाडू घेऊन हा माणूस झाडता झाडता नाचाची पावलं टाकतो. भाषण नाही, रडारड नाही. ते दृश्य बघितलं की शाळेतली चार वर्षं कुठे मुरली ते दिसतं.

पुढे तो दिग्दर्शक झाला. २००० साली त्याचा 'डेव्हिल्स ऑन द डोअरस्टेप' आला. जपानी ताब्यातलं एक खेडं, एके रात्री कुणीतरी दोन पोती दारात आणून टाकतं, पोत्यांत एक जपानी सैनिक आणि त्याचा दुभाषा. सांभाळा म्हणतात आणि निघून जातात. गावकरी बिचारे घाबरलेले. मारायची हिंमत नाही, सोडायची सोय नाही. कानमध्ये ग्राँ प्री मिळाली, म्हणजे तिथला दुसरा सर्वांत मोठा मान. चीनमध्ये मात्र सिनेमा अडकला. एक तर परवानगीशिवाय महोत्सवात नेला, आणि वर आक्षेप असा की चिनी शेतकरी शत्रूचा पुरेसा द्वेष करताना दिसत नाहीत. पुरेसा! द्वेषाचं माप कुठल्या काट्यावर करतात, ते विचारायची सोय नव्हती. दिग्दर्शक म्हणून त्याचा पुढचा सिनेमा आला २००७ मध्ये. सात वर्षं. चाळिशीच्या आसपासची, माणसाच्या उमेदीची सात वर्षं.

(हाच ज्यांग वन २०१० साली 'लेट द बुलेट्स फ्लाय' घेऊन आला. एक दरोडेखोर नगराचा प्रमुख बनून येतो आणि त्याला कळतं, की आधीच्या साहेबांनी पुढच्या नव्वद वर्षांचा कर आगाऊ वसूल केलाय. कथा १९२० ची, म्हणजे कर २०१० पर्यंतचा. सिनेमा लागला २०१० मध्ये. थिएटरात लोक का हसत होते ते ज्याचं त्याने समजावं. चिनी सिनेमाचे गल्ल्याचे विक्रम त्याने मोडले.)

आता तिसरी, आणि इथे माझं डोकं सटकतं. तांग वेई. याच अकादमीच्या दिग्दर्शन विभागातली. २००७ साली आंग लीच्या 'लस्ट, कॉशन'मध्ये तिला पहिली मोठी भूमिका मिळाली. गोष्ट कुणाची? नाटकवेड्या कॉलेजकुमारीची. देशासाठी म्हणून ती एका गद्दार अधिकाऱ्याच्या आयुष्यात खोटं नाव घेऊन शिरते आणि शेवटी भूमिका कुठे संपते आणि आपण कुठे सुरू होतो, हेच तिला कळेनासं होतं. व्हेनिसचा सुवर्ण सिंह. चीनमध्ये काही मिनिटं कापून सिनेमा रीतसर दाखवला गेला. रीतसर, म्हणजे सरकारने बघितला, कात्री लावली, परवानगी दिली. आणि मग मार्च २००८ मध्ये वाहिन्यांना आणि माध्यमांना कळवण्यात आलं, की ही नटी दाखवायची नाही. तिची जाहिरात उतरली, कामं गेली. बिचारीने हाँगकाँगची वाट धरली.

त्याच सिनेमात तिच्यासमोर काम केलेला टोनी लियुंग? त्याच दृश्यांत, त्याच पलंगावर असलेला? जुलै २००८ मध्ये त्याचा 'रेड क्लिफ' सगळ्या चीनमध्ये थाटात लागला. सिनेमा मंजूर, दिग्दर्शक मोकळा, पुरुष मोकळा, शिक्षा एकट्या पोरीला. ही शिस्त आहे? ही आपली गावातली भावकी आहे, जिथे पळून दोघं जातात आणि केस एकीचेच कापतात.

तांग वेई संपली नाही हा भाग वेगळा. २०२२ मध्ये कोरियाच्या 'डिसिजन टू लीव्ह'मध्ये तिने जे काम केलंय, ते बघून कोरियाने तिला आपला मानाचा ब्लू ड्रॅगन पुरस्कार दिला. शिकवलं चीनने, पीक गेलं कोरियाच्या खळ्यात.

आता व्हिडिओतल्या दंडांकडे येतो. नाहीतर भाऊ म्हणतील पत्रकाराने सोयीचं तेवढं घेतलं. २०२१ साली नटी झेंग श्वांग, बेजिंग फिल्म अकादमीची, हिला करचुकवेगिरीबद्दल २९.९ कोटी युआन भरायला लावले. बरोबर केलं. कर बुडवला तर वसूल करा, नट असो की साखर कारखानदार. तिथे कर विभागाने आकडा जाहीर केला, काय लपवलं ते सांगितलं. कागद होता.

पण त्याच ऑगस्टमध्ये झाओ वेईचं काय झालं? तीही फिल्म अकादमीचीच, १९९८ च्या मालिकेपासून घराघरांतली लाडकी. २६ ऑगस्टला लोकांनी मोबाईल उघडला तर तिच्या मालिका नाहीत, सिनेमे नाहीत, असलेल्या सिनेमांच्या श्रेयनामावलीतून नाव गायब. कारण? कुणी सांगितलं नाही. आदेश? कुणी दाखवला नाही. वीस-बावीस वर्षांचं काम, पाटीवरची अक्षरं थुंकी लावून पुसावीत तसं. आणि २०१८ मध्ये फॅन बिंगबिंग तीन महिने कुठे होती, हे तिच्या कोट्यवधी चाहत्यांना माहीत नव्हतं. ऑक्टोबरमध्ये ती उगवली ती जाहीर माफीनामा आणि भल्यामोठ्या दंडासह. दंड कायद्याने असेल, मान्य. मधले तीन महिने कुठल्या कायद्याने?

इथे माझा मुद्दा आहे आणि तो एवढाच आहे. कागद असेल तर माणूस भांडू शकतो. अपील करतो, कोर्टात जातो, निदान पोरांना सांगू शकतो की माझ्यावर अमुक आरोप होता. कागदच नसेल तर कुणाशी भांडणार? च्यू जू तालुक्याहून जिल्ह्याला जाऊ शकली, कारण प्रत्येक ठिकाणी तिच्या हातात निकालाचा कागद पडत होता. तांग वेईला असा कुठला कागद मिळाला होता? झाओ वेईने कुठल्या पायरीवर बसायचं?

हे आजकालचं नाही. याची मुळं शोधत गेलो तर वाट आपल्याच जिल्ह्यातून निघते. बेजिंगच्या अकादमीचं मूळ येनानमधल्या लू शुन कला अकादमीत आहे. १९३८ ची संस्था; लू शुन नावाच्या, कुणाचीही भीडमुर्वत न ठेवणाऱ्या लेखकाचं नाव तिला दिलेलं. १९३९ च्या फेब्रुवारीत त्याच येनानमध्ये आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस पोचले. डोंगरातल्या गुहांत इस्पितळ, गुहांतच शाळा. कोटणीस पुढे आघाडीवर गेले, तिथेच राहिले, तिथेच लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी गेले. त्याच १९४२ च्या मे महिन्यात येनानमध्ये माओने लेखक-कलावंतांसमोर ती प्रसिद्ध भाषणं केली, ज्यांचं सार असं की कलेने राजकारणाच्या सेवेत असावं. पुढच्या सगळ्या बंदोबस्ताचा पाया तिथे आहे.

शांतारामबापूंनी कोटणीसांवर सिनेमा काढला. आपण दरवर्षी हार घालतो. पण ज्या मातीत त्यांनी प्राण दिला, तिथल्या सुन वेइशीचं नाव आपल्याला माहीत नसतं. चाऊ एन-लायची मानलेली मुलगी. मॉस्कोत नाट्यदिग्दर्शन शिकून आली आणि १९५६ मध्ये औयांग यूछ्येन यांच्याबरोबर बेजिंगमध्ये प्रायोगिक नाट्यसंस्था उभी केली. पक्षाच्या सगळ्यात आतल्या घरातली मुलगी म्हणा ना. १९६८ साली तिला पकडलं. खटला नाही, निकाल नाही. त्याच ऑक्टोबरमध्ये ती तुरुंगात मेली. देशाचा पंतप्रधान बाप असून! ज्या बंदोबस्ताला नियम नसतो, तो बंदोबस्त करणाऱ्याच्या लेकीलाही सोडत नाही. भाऊ, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलंय.

आता दुसऱ्या बाजूचे माझे मित्र खूश झाले असतील. "बघ, सरकारी शाळा म्हणजे हेच, सरकारच्या पैशावर कला पोसली की गळ्यात पट्टा येतोच." थांबा जरा. हेही मला मान्य नाही. गाँग ली कुठल्या निर्मात्याची मुलगी नव्हती. प्रांतातली पोरगी परीक्षा देऊन आत आली आणि सरकारच्या पैशाने चार वर्षं शिकली. शांघायच्या अकादमीने तिबेटी मुलांचे वर्ग चालवले, त्या मुलांनी १९८१ साली तिबेटी भाषेत 'रोमिओ अँड ज्युलिएट' केलं. हे बाजाराने केलं असतं? बाजार तयार चेहरा विकत घेतो, कावडीने पाणी वाहायला तो कुणाला पाठवत नाही. शाळा हवीच. पैसा सरकारने द्यावा आणि शिकून झाल्यावर त्या पोरांच्या तोंडाकडे बघत बसू नये, एवढं साधं आहे हे. आपण चीनकडून नेमकं उलटं उचलायला निघालोय. शाळा नको, फक्त पट्टा द्या.

"पण बंदोबस्त आहे म्हणूनच तिथे दर्जा आहे", असं एका मास्तरांनी मला फोनवर ऐकवलं. मास्तर, वर लिहिलेली यादी परत वाचा. 'जू दोउ', 'रेझ द रेड लँटर्न', 'टू लिव्ह', 'डेव्हिल्स'. जगाने ज्यासाठी चीनला सलाम केला, त्यावरच कात्री चाललीय. २०२१ पासून तर तिथल्या मनोरंजन व्यवसायाच्या संघटनेचे लेखी नियम आहेत, की कलाकाराने मातृभूमीवर प्रेम करावं आणि पक्षाच्या धोरणाला पाठिंबा द्यावा. कापूस गल्लीत आज एखादा नवा ज्यांग वन पहाटे आवाज लावत असेलच. तो आवाज लावून पुढे बोलणार काय, हा प्रश्न आहे.

मी स्वतः ज्या पेपरात होतो, तिथे माझी एक बातमी एकदा पानावरून उतरली होती. पान लागलेलं, मथळा ठरलेला. सकाळी तिथे शाम्पूची जाहिरात. मी विचारलं तेव्हा मला कुणी रागावलंही नाही. चहा पाजला आणि म्हणाले, सोड ना यार. लेखी काही नव्हतं. त्यानंतर पुढची दोन वर्षं कुणी न सांगता मीच माझ्या बातम्या आधी कापून नेत होतो. बंदोबस्त असा काम करतो, भाऊ. फोन एकदाच येतो, पुढची कात्री माणूस स्वतःच्या हातात धरतो.

म्हणून मला त्या टँकरच्या एकांकिकेची काळजी आहे. एकांकिका थोर होती असं नाही. तालीम बघितली होती, मध्यंतरी जरा ओरडा जास्त होता. पण त्यातली एक पोरगी रिकामी घागर भरलेली असल्यासारखी उचलायची. कंबर एका बाजूला जायची, दुसरा हात आपोआप वर यायचा. तिला विचारलं, कुठे शिकलीस? म्हणाली, "शिकायचं काय त्यात सर, रोजच आणतो की." परवा ती भेटली. पुढच्या वर्षी काय बसवणार म्हटलं, तर म्हणाली, "विनोदी काहीतरी बघतोय सर."

तर भाऊ, तुम्ही बंदोबस्त मागितलात, मी कागद मागतो. त्या रात्री आयोजकांना फोन कुणी केला, कुठल्या अधिकारात केला, कुठल्या कलमाखाली केला, हे एका कागदावर लिहून सही करून द्या. तुमची सही नसेल तर ज्याची आहे त्याची आणा. एकांकिकेत बेकायदा काही असेल तर मी स्वतः ते छापतो, शब्द देतो. माहिती अधिकाराचा अर्ज मी सोमवारी देतोय, पोच घेऊन इथेच टाकेन.

तोवर 'च्यू जू' कुठे बघायला मिळतो ते मी ग्रुपवर टाकलंय. भाऊंच्या नावापुढे निळ्या टिका आल्यात. अंगठा अजून कुणाचाच नाही.